कॉलनीतल्या लाल टाचण्या

९ सप्टेंबर, सोमवार

नकाशा लागला एकदाचा! अख्खी भिंत खाऊन बसलाय. हे दुकान आधी चपलांचं होतं. भिंतीवरच्या फळ्या काढल्या तरी त्यांच्या पट्ट्या राहिल्यात, त्यामुळे नदीपलीकडचा भाग जरा फुगलेला दिसतो. चालायचंच.

सहा आठवड्यांनी सार्वमत. राज्याचा हवामान कायदा रद्द करायचा का — हो की नाही. कायदा तसा साधा आहे. जो जास्त धूर सोडेल त्याने जास्त भरायचं, आणि त्या पैशातून बसगाड्या, घरांची गार छपरं, नदीकाठचे बांध. विरोधकांनी त्याला 'धूरपट्टी' म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव लोकांच्या तोंडी बसलं. आमच्याही बसलंय, काय करणार!

आम्ही 'नाही'वाले. म्हणजे रद्द करू नका म्हणणारे. जन्मभर ज्याला त्याला हो हो म्हणत आले, आता दारोदार 'नाही' मागत फिरायचं.

दातांच्या दवाखान्यातून रजा मिळाली, बिनपगारी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिंकून या. नाहीतर पुढच्या पुराला मी ती खुर्ची एकटी वर उचलणार नाही." मागच्या पुरात खुर्चीची मोटर गेली होती. दोन महिने पेशंट नुसते मान मागे टाकून बसायचे.

टाचण्या तीन रंगांच्या. हिरवी — आपला. पिवळी — डळमळीत, पुन्हा जा. लाल — पक्का विरोधात, वेळ घालवू नका. नियम एकच, आणि तो माझा आहे: दार वाजवल्याशिवाय टाचणी नाही. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला.

संध्याकाळी मुख्य कार्यालयातला तो तरुण आला. दर वाक्यात टक्के. मी मनात त्याचं नाव टक्केवारी ठेवलंय. त्याने कोळशावरच्या प्लांटच्या कॉलनीवर बोट ठेवलं. "इथलं काय?"

"तिथलं मला माहीत आहे. माझा जन्म तिथला. भाऊ अजून तिथेच, प्लांटवर बॉयलरला. सगळं लाल."

"वा! एवढी दारं वाचली," म्हणाला.

तो गेल्यावर बसून सगळ्या कॉलनीला लाल टाचण्या लावल्या. ओळीने, क्वार्टरमागून क्वार्टर. छान दिसतात.

१२ सप्टेंबर, गुरुवार

शिकवणी घेतली. बरेच जण आले, निम्मे खुर्चीसाठी भांडले.

माझी पद्धत सांगितली. दार उघडलं की नाव सांगा, प्रश्न विचारा — "या कायद्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" — आणि गप्प बसा. समोरचा गप्प राहिला तर तुम्हीही गप्प राहा. मधली शांतता भरून काढू नका. माणसाला ती सहन होत नाही, तो बोलतोच, आणि तेव्हा बोलतो ते खरं असतं. दवाखान्यात वर्षानुवर्षं उलटं बघितलंय. डॉक्टरीणबाई तोंडात हात घालून विचारतात, "सुट्टीत कुठे गेला होता?" आणि स्वतःच उत्तर देतात.

एक निवृत्त नर्सबाई आल्यात. जाडजूड, पायात पांढरे बूट अजून तेच. त्यांना सरावाला उभं केलं. प्रश्न विचारला, तीन श्वास गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तुमचे डोळे पिवळट दिसतात हो, तपासून घ्या." सगळे हसले. ज्याला म्हणाल्या तो नाही हसला.

नंतर कप विसळताना मी विचारलं, तुम्ही यात कशा? "तो उन्हाचा आठवडा आठवतो? माझा शेवटचा आठवडा होता वॉर्डात. बर्फ संपला. म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर ओले टॉवेल टाकत होतो, ते टाकेपर्यंत वाळत होते." एवढंच म्हणाल्या. कप पुसून ठेवले.

१४ सप्टेंबर, शनिवार

पत्रकांचे गठ्ठे आले. कागद चांगला. बसगाडीचं चित्र, छपराचं चित्र, हसरी बाई.

कामगार निधीबद्दल एक ओळ नाही! कायद्यात ते कलम आहे — प्लांट बंद करायचा झाला तर मालकांनी कामगारांना दुसरं काम मिळेपर्यंत पूर्ण पगार द्यायचा, आणि काम नाहीच मिळालं तर निवृत्तीपर्यंत. मालक सार्वमतावर एवढा पैसा का ओततायत, तर याच कलमासाठी. प्लांट जुना झालाय, आज ना उद्या बंद करणारच. कायदा असेपर्यंत बंद करणं महाग, एवढाच प्रश्न.

टक्केवारीला फोन केला. "त्या मुद्द्याने मतं वाढत नाहीत. उलट घटतात. बाकीच्यांना वाटतं, यांनाच का? पगाराचं ज्यांना सांगायचं ते कॉलनीत. आणि कॉलनी तर तुमच्याच हिशेबाने लाल."

बरोबर आहे. मी बरं म्हटलं आणि गठ्ठे फोडले.

१५ सप्टेंबर, रविवार

आईकडे जेवायला. म्हणजे दादाकडे. आई त्याच्याकडे असते, पण टेबल तिचं आहे.

टेबलाचा नियम गेल्या वर्षीपासूनचा. तेव्हा मी आणि दादा कायद्यावरून एवढे ओरडलो की शेजारच्या क्वार्टरमधला दिवा लागला. मी त्याला 'मालकांचा पोपट' म्हटलं होतं. तो मला म्हणाला होता, "तुझ्या शाळेची फी याच धुराने भरली." दोन्ही खरं होतं, म्हणून जास्त लागलं. आई उठली, पाण्याचा जग उचलून मधोमध ठेवला आणि म्हणाली, "माझ्या टेबलावर प्लांट नको आणि हवामान नको. जमत नसेल तर आपापल्या घरी जेवा."

तेव्हापासून आम्ही नळाबद्दल बोलतो. आईच्या गुडघ्याबद्दल बोलतो. आज वहिनीने पडदे बदललेत, त्याबद्दल पुष्कळ बोललो. एवढं पडद्यांबद्दल मी आयुष्यात बोलले नव्हते.

खिडकीच्या कट्ट्यावर नेहमीसारखी राख. आई सकाळी पुसते, संध्याकाळी पुन्हा. लहानपणी आम्ही तिच्यात बोटाने चित्रं काढायचो. दादा जहाजं काढायचा. मी त्याच्या जहाजांना खलाशी काढायची, आणि ते नेहमी जहाजापेक्षा मोठे व्हायचे, म्हणून तो टपली मारायचा.

निघताना दादा म्हणाला, "सांभाळून जा गं, पुढारीणबाई." हसून म्हणाला. मीही हसले.

२१ सप्टेंबर, शनिवार

दारं, दारं, दारं. टाचा सोलल्या.

एक गृहस्थ — मी पाण्याच्या मीटरची आहे असं समजून थेट मोरीत घेऊन गेले. परत यायला फार वेळ लागला. पिवळी टाचणी.

एक बाई म्हणाल्या, "वीजबिल वाढलं, ते तुमच्यामुळेच ना?" मी प्रश्न विचारला आणि गप्प बसले. त्या बराच वेळ दाराची कडी खाली-वर करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बिल वाढलं हे खरं. पण धाकटीचा दमा कमी झालाय, तेही खरं. मला कळत नाही मी काय म्हणू." आम्ही दोघी उंबऱ्यात उभ्या. शेवटी म्हणाल्या, "नाही म्हणते मी. लिहा, नाही." हिरवी!

अशा वेळी वाटतं, जगात याहून बरं काम नाही. पुढच्याच दाराने तोंडावर आपटून ते वाटणं बंद केलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

बसमधून कॉलनीवरून गेले. प्रत्येक क्वार्टरच्या फाटकाला एकसारखा पिवळा बोर्ड — 'कायदा राहिला तर प्लांट जाईल.' दादाच्याही. वाकडा लागलाय. दादाच्या हातून वाकडं काही लागत नाही, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लावला असणार.

का कोण जाणे, दिवसभर त्या बोर्डाचाच विचार.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आज कुत्र्यांशिवाय कुणी दाराशी आलं नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

नर्सबाई नकाशासमोर बराच वेळ उभ्या होत्या, चष्मा कपाळावर. मग म्हणाल्या, "ही कॉलनी कुणी केली?"

"माझ्या माहितीची आहे."

"म्हणजे दारं वाजवलीत?"

"वाजवायची गरज नाही. मी तिथलीच."

त्यांनी फळ्यावरच्या नियमाकडे बघितलं. बोलल्या काही नाहीत. माझाच धडा माझ्यावर — शिकल्या की बाई गप्प बसायला! मीच बोलायला लागले. म्हटलं, तिथली माणसं आयुष्यभर प्लांटवर, प्लांटची घरं, प्लांटचा दवाखाना, युनियनचा पुढारी मालकांच्या गाडीतून फिरतो. आपल्याकडे माणसं कमी. एका लाल दाराच्या वेळात दोन पिवळी होतात. हे सगळं खरं आहे.

"मी एकदा जाऊन येऊ का?" म्हणाल्या. मी नको म्हटलं. जरा तुटकच.

६ ऑक्टोबर, रविवार

वहिनीचा वाढदिवस. केक जरा बसलेला होता. आईने कारण ओव्हनला दिलं, वहिनीने आईला.

हे लिहून ठेवते. केक कापून झाला. दादा खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "काय गं पुढारीणबाई, तुमच्या त्या कायद्यात बसवाल्यांचं आहे, छपरवाल्यांचं आहे म्हणे. बॉयलरवाल्यांचं काय?"

चेष्टेतच म्हणाला. पण म्हणाला, आणि माझ्याकडे बघत थांबला.

आईचा हात पाण्याच्या जगाकडे गेला. वहिनी म्हणाली, "आज नको हं. माझा वाढदिवस आहे." आणि मी — मला किती बरं वाटलं! मी म्हटलं, "वहिनीचा वाढदिवस आहे, आज नको." दादाने खांदे उडवले, केकचा दुसरा तुकडा घेतला.

दोन वाक्यांचं काम होतं. 'प्लांट बंद केला तर तुम्हाला पगार द्यावा लागेल, असं कलम आहे. म्हणून त्यांना कायदा नकोय.' रोज अनोळखी उंबऱ्यांवर याहून अवघड बोलते.

पण तोंड उघडलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. पोपट, फी, शेजारचा दिवा. आईचं वय काय आता. टेबल टिकलंय, तेवढं टिकू दे.

९ ऑक्टोबर, बुधवार

टक्केवारी म्हणतो, अटीतटीची आहे. टक्के सांगितले नाहीत! म्हणजे खरंच असणार.

१२ ऑक्टोबर, शनिवार

नर्सबाई जाऊन आल्या. कॉलनीत. मला न विचारता!

दुकानात शिरल्या त्या बूट काढायच्या आधी बोलायलाच लागल्या. "त्यांना माहीतच नाही. निधीचं कुणाला माहीतच नाही हो! एका बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, असं काही असतं तर युनियनने सांगितलं नसतं का? पण दार लावलं नाही त्यांनी. नवऱ्याला हाक मारली. तो बाहेर येऊन म्हणाला, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं. म्हणाला, लेखी आहे का काही? माझ्याकडे ती बसगाडीची पत्रकं! त्यात आहे का काही? द्यायला काय, माझं बोडकं?"

मग मला म्हणाल्या, "आठवडा आहे. सगळ्यांना तिकडे वळवा. ती लाल नाहीत. त्यांना कुणी विचारलेलंच नाही."

टक्केवारीला फोन लावला. त्याचं म्हणणं, शेवटचा आठवडा आपल्या हिरव्यांना घराबाहेर काढण्याचा. एक संध्याकाळ बुडाली तरी तेवढे हिरवे घरी बसतील. एका नवराबायकोवरून कॉलनी बदलत नाही. "तुम्ही तिथल्या. तुम्ही सांगा. त्यांचा विश्वास बसेल?"

मी म्हटलं, "नाही बसणार."

"मग झालं तर."

नर्सबाईंना सांगितलं. त्यांनी बूट पुन्हा घातले. जाताना म्हणाल्या, "वॉर्डात आम्ही असं करत नसू. बिछान्याजवळ न जाता पाटी लिहीत नसू." रागावून नाही म्हणाल्या.

कारणं सगळी खरी आहेत — माणसं कमी, वेळ कमी. पण इथे लिहायला काय जातं? कॉलनी वाजवायची म्हणजे दादाचं दार वाजवायचं. मला ते वाजवायचं नव्हतं. बाकीची सगळी दारं त्या एका दारापायी गेली.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज कॉलनीच्या थांब्यावर उतरले. ठरवून.

संध्याकाळ होती, दिवे लागायचे होते. फाटक उघडलं. कडी तीच, वर उचलून डावीकडे ढकलावी लागते. पिवळा बोर्ड अजून वाकडाच. पायरीपर्यंत गेले. आत टीव्ही लागलेला, बातम्या नव्हत्या, कसलीशी मॅच. दादा खेळाडूला शिव्या देत होता. आई म्हणाली, "हळू." वहिनी हसली.

तिघं इतकी मजेत होती! मी हात वर केला होता दारावर मारायला. नेहमी मी नुसती ढकलून आत जाते. हे दार मी आयुष्यात कधी वाजवलेलं नाही. वाजवलं असतं तर दादाला उघडताक्षणी कळलं असतं की बहीण आलेली नाही, कायदा आलाय.

पुढच्या बसने परतले. उद्या हिरव्यांना आठवण करून द्यायला जायचंय, मतदानाचं ठिकाण, वेळ, ओळखपत्र. काम खूप आहे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

घसा बसला. गप्प बसण्याची पद्धत शिकवणाऱ्या बाईचा घसा बसला! डॉक्टरीणबाईंनी गुळण्यांचं औषध पाठवलं. सोबत चिठ्ठी — "खुर्ची अजून खालीच आहे."

१९ ऑक्टोबर, शनिवार

प्रचार बंद. दुकान झाडलं. करण्यासारखं काही नाही, हे सगळ्यात वाईट.

२० ऑक्टोबर, रविवार

मतदान. शाळेच्या हॉलबाहेर, ठरलेल्या रेषेपलीकडे उभी होते दिवसभर.

सकाळी आपली माणसं बरी निघाली. दम्याच्या मुलीची आई आली, लांबूनच बोट हलवून दाखवलं — नाही, नाही. मोरीत नेणारे गृहस्थही आले. काय करून गेले देव जाणे.

दुपारी प्लांटच्या बसगाड्या. एकामागून एक. पाळी सुटलेली माणसं, अंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून, बायका-मुलांसकट. रांग पार फाटकापर्यंत गेली. मी ओळखीचे चेहरे शोधत होते आणि जवळजवळ सगळेच ओळखीचे निघाले. मला सायकल शिकवणारे काका. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसणारी. कुणी मान हलवली, कुणी नाही. यांच्यापैकी एकाच्याही दारात मी गेले नाही. सरळ भिंतीवर टोचून ठेवलं सगळ्यांना.

दादा मत देऊन बाहेर आला, रेषा ओलांडून माझ्यापाशी आला. हातात चहाचा थर्मास. "वहिनीने दिलाय. घशाचं कळलं." झाकणात ओतून दिला. मी प्यायले. तो म्हणाला, "दिलं बाई एकदाचं. तुझ्याविरुद्ध. राग धरू नकोस."

"नाही धरत."

"घर चालवायचंय ना. बॉयलर आहे तोवर मी आहे. बाकी मला काही येत नाही गं."

तेव्हाही सांगता आलं असतं. पण काय सांगायचं, मत पेटीत पडल्यावर? थर्मासचं झाकण रुमालाने पुसून परत दिलं. तो बसमध्ये चढला. खिडकीतून हात केला. फार प्रेम वाटलं मला त्याचं, आणि फार लाज.

२१ ऑक्टोबर, सोमवार

गेला. कायदा गेला.

थोडक्यात गेला. राज्यभरात फरक एवढा कमी की टक्केवारी पहिल्यांदाच नुसता "थोडक्यात" म्हणाला आणि फोन ठेवला. आमच्यासारख्या प्लांटच्या कॉलन्या राज्यात बऱ्याच आहेत. तिथेही कुणीतरी माझ्यासारखी माहितगार बसली असेल भिंतीपाशी.

नर्सबाई आणि मी टाचण्या काढत होतो. बाकी शहराच्या टाचण्या वाकड्यातिकड्या, एक आत घुसलेली, एक लोंबणारी — दमलेल्या हातांनी रोज थोड्या थोड्या लावलेल्या. कॉलनीच्या मात्र एका रेषेत, सारख्या. नर्सबाईंनी त्यावरून बोट फिरवलं. "या एका बैठकीत लावल्यात," म्हणाल्या.

"हो."

त्यांनी डबा पुढे धरला. मी एकेक काढून त्यात टाकली.

४ नोव्हेंबर, सोमवार

दवाखान्यात परत. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीसाठी विटांचा चौथरा बांधून घेतलाय. म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास होता, पण गवंडी रिकामा होता." हसले. बऱ्याच दिवसांनी.

पेशंट आले, तोंडं उघडली, मिटली.

१० नोव्हेंबर, रविवार

आईकडे. पिवळा बोर्ड निघालाय, फाटकावर त्याच्या खिळ्यांची भोकं. टेबलावर मॅचचा विषय. दादा खुशीत, वहिनीसाठी शिलाई मशीन बघायला जाणार म्हणाला. मी दोनदा वाढून घेतलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी रेडिओवर. प्लांट मार्चमध्ये बंद. मालकांचं निवेदन — यंत्रं जुनी झाली, चालवणं परवडत नाही, कामगारांना नियमाप्रमाणे काय ते मिळेल. नियम म्हणजे जुना नियम, एक महिन्याची नोटीस. निधी कायद्याबरोबर गेला.

चार महिने! तेवढेही थांबले नसते, मार्चपर्यंत कोळसा पुरतो म्हणून थांबतायत.

दादाला फोन केला. वहिनीने उचलला. "झोपलेत," म्हणाली. दुपारची पाळी असताना झोपलेत.

काउंटरवर बसून राहिले. एका पेशंटला दुसऱ्याची तारीख दिली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आईचा फोन. "रविवारी नको येऊस. जेवणाचं काही ठरत नाहीये." आईने असं कधी म्हटलेलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

दार वाजलं. दादा होता. माझ्याकडे तो एकटा असा कधी येत नाही. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच उभा राहिला, हातात आजचा पेपर, घडी करून. म्हणाला, "यात आलंय, त्या कायद्यात आमच्या पगाराचं होतं म्हणे. तुला माहीत होतं?"

विचारलं, आणि गप्प उभा राहिला.